दोन बोटांचा डोंगर: इंदूरजवळ महू-मानपूरच्या बाजूला सुटीचं घर बांधणाऱ्यांसाठी

प्लॉट दाखवायला नेणारा माणूस गाडीतून उतरला की आधी डोंगराकडे हात करतो. "देखो मॅडम, व्यू!" त्याच्या हाताकडे बघू नका. आपला हात समोर ताठ धरा, एक डोळा मिटा आणि डोंगर किती बोटं उंच भरतो ते मोजा.

ताणलेल्या हाताचं एक बोट म्हणजे ढोबळमानाने दोन अंश, मूठ म्हणजे दहा अंश. आमच्या समोरचा डोंगर, जानापाव, दोन बोटांना थोडा कमीच भरतो. माथा आमच्या जमिनीपेक्षा अडीचशेएक मीटर उंच आणि आम्ही चारेक किलोमीटर लांब. भागाकार केला की साडेतीन अंश. दलालाच्या मोबाइलवर हाच डोंगर अर्धा पडदा व्यापून बसला होता. झूम केलं की महूचंही मनाली होतं.

मी हे मोजलं ते घर बांधून झाल्यावर, आठ फूट रुंद आणि सात फूट उंच काच बसवून झाल्यावर. तीस वर्षं इंदुरात मुलांना गणित शिकवलं आणि स्वतःच्या घराच्या वेळी कंपासपेटी उघडली नाही. मी आर्किटेक्ट नाही. पण चुकलेल्या गोष्टी पैसे मोजून शिकले आहे, त्या पुढच्यांना फुकट मिळाव्यात एवढ्यासाठी हे लिहिते.

आधी ठरवा: डोंगर वर बघायचा की खाली

आपल्याकडच्या मराठी घरांत डोंगर म्हटलं की लोणावळा, महाबळेश्वर डोळ्यापुढे येतं. इथली गोष्ट वेगळी आहे. इंदूर मुळातच साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. विंध्य आपल्यासमोर भिंतीसारखा उभा राहत नाही, आपण त्याच्या पाठीवरच राहतो. दक्षिणेला सिमरोल, चोरल, मानपूर, जाम दरवाजा अशा ओळीने माळवा संपतो आणि जमीन तीन-चारशे मीटर खाली, नर्मदेकाठच्या निमाडात उतरते.

म्हणून इथे देखावे दोन जातींचे. एक, सपाटीवर बसून उंचवट्याकडे बघायचं, जसा जानापाव: चंबळेचा उगम, परशुरामाचं ठाणं, कार्तिकी पौर्णिमेला जत्रा. दुसरा, कड्यावर बसून खालच्या दऱ्यांकडे बघायचं. दोन्हींची घरं वेगळी होतात. पहिल्याला आडवी, बसकी खिडकी पुरते. दुसऱ्याला कडेपर्यंत जावं लागतं, वारा सोसावा लागतो, कठड्याचा प्रश्न येतो, आणि श्रावणात तुम्ही ढगाच्या आतच बसलेले असता. समोर पांढरं, मागे पांढरं, वाळत घातलेला टॉवेल तीन दिवस ओला. कुणाला तेच आवडतं. ठरवून घ्या म्हणजे झालं.

जागा बघायला मे महिन्यात जा. ऑगस्टमध्ये कुठलाही माळ विकला जातो. विंध्यातला साग उन्हाळ्याआधीच पानं टाकतो. फाल्गुनात मधे मधे पळस पेटलेला दिसतो, तेवढीच शोभा. वैशाखात डोंगर तपकिरी असतो आणि दुपारच्या धुळीत कधी कधी दिसतच नाही. त्या दुपारी दोन वाजता उभं राहूनही जागा आवडली तर पुढचं बोला.

अंतराबद्दल माझं मत ठाम आहे: शनिवारी घराच्या दारातून निघून तिकडचं कुलूप उघडेपर्यंत सव्वा तासापेक्षा जास्त लागत असेल तर ते सुटीचं घर राहत नाही, दिवाळीचं घर होतं. आणि हा सव्वा तास रविवारी संध्याकाळी परतताना मोजा. वाटेवरच्या राऊच्या अलीकडे-पलीकडे सगळं इंदूर त्याच वेळी घरी निघालेलं असतं.

कागद

पुण्याची मंडळी सातबारा विचारतात. इथे खसरा (जमिनीच्या तुकड्याचा नंबर आणि नोंद), बी-१ (खातेदाराचा उतारा) आणि नकाशा. दलाल बिघ्यात बोलतो, कागद हेक्टरमध्ये असतो. इकडे साधारण चार बिघ्यांचं हेक्टर धरतात, पण सौदा हेक्टरच्या आकड्यावर करा. रजिस्ट्रीच्या आधी सीमांकन करून घ्या. रस्ता नकाशात आहे की नुसती चाकोरी, ते पटवाऱ्याकडे बघा. जमीन आदिवासीच्या नावची किंवा सरकारी पट्ट्याची असेल तर मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ चं कलम १६५ आडवं येतं; "हो जाएगा" म्हणणाऱ्याबरोबर चहासुद्धा घेऊ नका. शेतजमिनीवर राहतं घर बांधायचं तर डायव्हर्शनचं, म्हणजे जमीन बिगरशेती करण्याचं, आधी विचारा. "फार्महाऊस कॉलनी"त एकाच खसऱ्यातला अविभक्त हिस्सा विकत असतील तर नगर तथा ग्राम निवेश खात्याची मंजुरी आणि रेराचा (गृहप्रकल्प नोंदणीचा) नंबर मागा. बाकी वकिलाचं काम.

देखाव्याच्या दृष्टीने मात्र नकाशात एक गोष्ट स्वतः बघायची. पटवारी नकाशावर आपल्या तुकड्यापासून डोंगरापर्यंत पट्टी ठेवा आणि मधे कुठले खसरा नंबर येतात ते लिहून काढा. मधली जमीन वन विभागाची असेल तर देखावा बऱ्यापैकी सुरक्षित. खासगी असेल तर तिथे उद्या कुणाचा दुमजली बंगला, मोबाइलचा मनोरा किंवा गिट्टीची खदान येऊ शकते. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाच्या डोंगराला आता मधोमध एक निळी टाकी आहे, जिन्यासकट. विकत आपण जमीन घेतो; मधली हवा कुणी लिहून देत नाही.

खुर्ची घेऊन जा

जमीन हातात आली की लगेच नकाशा काढायला बसू नका. एक प्लॅस्टिकची खुर्ची, टेप, सुतळी, चार बांबू आणि एक जुनी चादर गाडीत टाका आणि वेगवेगळ्या वेळी तीन-चारदा जाऊन बसा. एकदा सकाळी सातला, एकदा दुपारी, एकदा सूर्य बुडताना. जमलं तर एकदा अमावस्येच्या जवळपास रात्री.

आमच्याकडे हे काम आत्याने केलं, आणि तेही घर चुकल्यावर. पहिल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. अठ्ठ्याहत्तरीची आत्या सुदामानगरहून आली, काचेसमोर पाच मिनिटं बसली आणि खुर्ची उचलायला सांगून बाहेर पडली. पुढच्या शेताच्या बांधाजवळ, मग निंबाखाली, मग घराच्या पूर्वेच्या कोपऱ्यात. प्रत्येक ठिकाणी पदराने कपाळ पुसून नुसती बसायची. शेवटी निंबाच्या अलीकडे खुर्ची टेकवली. "मला इथे बसवत जा. तिथे ऊन डोळ्यात येतं आणि डोंगर काळा दिसतो." त्या जागेपासून आमची काच बारा फूट डावीकडे होती आणि तोंडही भलतीकडे.

तर आधी खुर्चीची जागा, मग तिच्याभोवती घर. खुर्ची सापडली की समोर दोन बांबू रोवा, आडव्या दोन काठ्या बांधा, चादर टांगून खिडकीएवढी चौकट मोकळी ठेवा. चादर खालीवर करून बघा. कागदावर दहा वेळा खोडाखोड करून जे कळत नाही ते इथे अर्ध्या तासात कळतं. बांबू पडतात, चादर उडते, जाणारे-येणारे थांबून "क्या नाप रहे हो?" विचारतात, ते होऊ द्यावं.

उजेडाचं वेळापत्रक

डोंगर दिसतो तो त्याच्यावर पडलेल्या उजेडाने, आणि तो उजेड आपल्या मागून यायला हवा. डोंगर पश्चिमेला असेल तर तो सकाळी खुलतो, संध्याकाळी नुसती काळी कड उरते. पूर्वेला असेल तर उलट. दक्षिणेला असेल तर सकाळ-संध्याकाळ बाजूने उजेड पडतो, वळ्या आणि घळी स्पष्ट दिसतात. हिवाळ्यात मात्र भर दुपारी सूर्य डोंगराच्याच बाजूला असतो, तेव्हा तो काळवंडतो. कड्याकडची बरीच जागा दक्षिणमुखी मिळते, हे आपलं नशीब.

आपण बावीस-साडेबावीस अक्षांशावर आहोत. जूनच्या एकवीस तारखेला दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, डिसेंबरात दुपारी दक्षिणेला चव्वेचाळीस अंशांवर. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा दिला की एप्रिलच्या मध्यावर ऐन दुपारी तिची पूर्ण उंची सावलीत राहते आणि डिसेंबरात ऊन आत पायांवर येतं. पश्चिमेला छज्जा कितीही लांबवा, मे महिन्यात पाच वाजता सूर्य पंचवीसेक अंशांवर येऊन सरळ आत बघतो. पश्चिमेची मोठी काच म्हणजे पैसे देऊन घेतलेली भट्टी. तिकडे ओसरी, झाड किंवा जाळी.

आणखी एक गंमत. "डोंगरामागे सूर्यास्त" म्हणून जो प्लॉट विकतात तो सूर्यास्त तिथे वर्षभर नसतो. जून ते डिसेंबर सूर्याची बुडायची जागा क्षितिजावर पन्नासेक अंश सरकते, म्हणजे पाच मुठी. जानापावाच्या मागे तो आमच्याकडे थंडीतले काही आठवडेच बुडतो.

जानापाव आम्हाला नैर्ऋत्येला. म्हणजे आमचा डोंगर सकाळच्या चहाचा. हे आधी कळलं असतं तर बसायची जागा स्वयंपाकघराच्या शेजारी काढली असती. आम्ही ती संध्याकाळच्या गप्पांसाठी म्हणून दिवाणखान्यात काढली.

खिडकीचं गणित

आता मूळ मुद्दा. खिडकीपासून दहा फुटांवर खुर्ची आहे. साडेतीन अंशांचा डोंगर त्या काचेवर किती जागा घेतो? सात-साडेसात इंच. आमची काच चौऱ्याऐंशी इंच उंच होती. बारावा हिस्सा डोंगर. खाली शेजाऱ्याचं सोयाबीन आणि वर नुसतं पांढरं आभाळ, ज्याच्या चकचकाटाने डोंगर आणखी काळवंडायचा.

रुंदीला मात्र जागा लागते. आमची डोंगराची ओळ तीन मुठी पसरते, तीस अंश. दहा फुटांवरून ती साडेपाच फूट होते. म्हणून दुसऱ्यांदा जी खिडकी केली ती सहा फूट रुंद, तीन फूट उंच. खुर्चीत बसलेल्या माणसाचा डोळा फर्शीपासून पावणेचार फुटांवर असतो, गादीवर मांडी घातली तर अडीच फुटांवर. खिडकीची खालची कड सव्वादोन फुटांवर ठेवली, वरची सव्वापाच. खुर्चीवरून दिसतो, गादीवरून दिसतो, उभ्या माणसालाही दिसतो. मिस्त्री दोनदा म्हणाला, "इतनी सी?" आत शिरलेला प्रत्येक पाहुणा आता पहिल्यांदा खिडकीकडेच जातो, काच मोठी होती तेव्हा पंख्याखाली जायचा.

तुमचा डोंगर जवळ असेल, चार-पाच बोटांचा असेल, तर आकडे बदलतील; रीत हीच. बोटं मोजा, अंश करा, खुर्चीच्या अंतराने गुणा. एक अंशाला दहा फुटांवर दोन इंच धरले की पुरे.

खिडकीच्या आजूबाजूची भिंत पांढरी ठेवू नका. मातकट किंवा गडद रंग दिला की बाहेरचं उजळ दिसतं. आणि रात्रीचा विचार करा. आत ट्यूबलाइट असली की काच आरसा होते, डोंगराऐवजी स्वतःचा चेहरा आणि सोफ्यावरच्या उशा दिसतात. दिवे कमी, खाली आणि खिडकीच्या विरुद्ध भिंतीपासून लांब.

पाऊस त्याच बाजूने येतो

चौकट बसवायच्या आधी आमचा मिस्त्री म्हणाला होता, "बैनजी, जिधर से पहाड़ दिखता है, उधर से ही पानी आएगा." मी हसले. आमचा मान्सून नैर्ऋत्येकडून येतो आणि डोंगरही नैर्ऋत्येलाच, हे भूगोलाच्या बाईंना विचारलं असतं तरी कळलं असतं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात वादळी पाऊस झाला. आम्ही इंदुरात होतो. शनिवारी कुलूप उघडलं तर दिवाणखान्यात घोट्याच्या खाली एवढं पाणी, त्यात वर्तमानपत्र, एक चप्पल आणि मेलेले पंखवाले किडे. काच शाबूत होती. पाणी आलं होतं सरकत्या काचेच्या खालच्या पट्टीतून: पट्टी फर्शीच्या पातळीत, बाहेर जाणारी भोकं सिमेंटने बुजलेली, आणि वाऱ्याचा जोर एवढा की पाणी पट्टीतून उलटं आत ढकललं गेलं. फॅब्रिकेशनवाल्याने फोनवर सांगितलं, हवा तेज होती. ती दर वर्षीच तेज असते.

त्यातून शिकलेलं असं. देखाव्याची खिडकी सरकती करू नका. मधला भाग पक्का ठेवा आणि हवेसाठी बाजूला दोन उघडणाऱ्या झडपा द्या. दार असेलच तर उंबरठा दीड-दोन इंच उंच, बाहेरची फर्शी उताराची. खिडकीच्या खालच्या दगडाला बाहेर उतार आणि पोटाखाली पन्हळी, म्हणजे पाणी भिंतीला न चिकटता टपकतं. आणि काच थेट पावसात उघडी टाकू नका, पुढे आठ फुटांची ओसरी घाला. ओसरीची पागोळी सात फुटांपर्यंत खाली आणली तरी चालते. डोंगर दोनच बोटांचा आहे, तो छपराखालून आरामात दिसतो. उलट आभाळाचा झगमगाट कापला जातो.

वास्तुशास्त्राचे सल्लागार नैर्ऋत्य बंद ठेवायला सांगतात. माझा त्यावर विश्वास नाही. पण माळव्यात दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा दोन्ही त्या अंगाला, त्यामुळे भांडण करायची वेळ आली नाही.

काळ्या मातीला कमी लेखू नका

देखाव्याच्या नादात माणूस वर बघतो, खाली बघत नाही. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात तिच्या भेगेत मनगटापर्यंत हात जातो. तिच्यावर उथळ पाया घातला की तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते, आणि मोठ्या खिडकीच्या कोपऱ्यातून ती आधी निघते.

नकाशाच्या आधी जागेवर तीन कोपऱ्यांत खड्डे घ्या. चार-पाच फुटांवर मुरूम लागला तर पाया तिथपर्यंत न्या आणि जोत्याखाली काळी माती परत भरू देऊ नका, मुरमाची भरती करा. माती खोल असेल तर अंडर-रीम पाइलचं इंजिनिअरला विचारा; तळाशी फुगीर गाठ असलेले हे खांब अशाच मातीसाठी वापरतात. घराभोवती तीन फुटांची पक्की पट्टी, बाहेर उताराची, म्हणजे पायाजवळची माती सारखी ओली-कोरडी होत नाही. भिंतीला लागून हिरवळ आणि फुलझाडांचे वाफे करून रोज पाइप सोडणारे लोक स्वतःच्या हाताने घर हलवतात.

कड्याकडे उलटं: माती वीतभर, खाली बसाल्ट. तिथे पाया सोपा, पण बोरिंग बेभरवशाचं. पाणी खडकाच्या भेगांत असतं, लागलं तर लागलं. म्हणून छपराचं पाणी साठवा. शंभर चौरस मीटर छप्पर आणि नऊशे मिलिमीटर पाऊस म्हणजे नव्वद हजार लिटर. गळती-सांडणी वजा करून सत्तर हजार धरा. आठवड्यातून दोन दिवस राहणाऱ्या कुटुंबाला ते बरंच पुरतं.

घरात डोंगर कुणाला किती

सगळ्या खोल्यांतून डोंगर दिसलाच पाहिजे हा हट्ट सोडा. मांडूला जाऊन या, शंभरेक किलोमीटरवर आहे. रूपमतीचा मंडप अगदी कड्यावर, निमाडाकडे तोंड करून; स्वच्छ दिवशी लांबवर नर्मदेची रेघ दिसते. आणि बाजबहादुराचा महाल खाली उतारावर, आतल्या चौकाकडे तोंड करून, पाण्याजवळ, सावलीत. बघायची जागा एक, राहायची दुसरी. सहाशे चौरस फुटांच्या घरातही हे जमतं: ओसरी डोंगराची, खोल्या सावलीच्या.

माझा क्रम सांगते. डोंगर पहिला ओट्याला. शनिवार-रविवार बाकीचे ओसरीत पाय पसरून बसतात आणि पोहे करणारी व्यक्ती भिंतीकडे तोंड करून कांदा चिरते, हे आपल्या प्रत्येक फार्महाऊसमध्ये बघून घ्या. गॅसच्या समोर नको, वाऱ्याने ज्योत विझते. मोरी आणि चिरायची जागा खिडकीखाली घ्या. दुसरा ओसरीला. झोपायच्या खोलीला मोठी खिडकी नको. उशीवरून दिसेल अशी एक बसकी चौकट पुरे. न्हाणीघरात हातभर झरोका ठेवला तर मुलं आंघोळीला कुरकुर करत नाहीत. आणि फाटकातून आत येताना डोंगर दिसू देऊ नका. एक आडवी भिंत, तिच्याकडेने वळण, मग ओसरी, मग तो.

हवा आरपार जायला हवी. नैर्ऋत्येच्या खिडकीसमोर ईशान्येला उघडणारं काहीतरी हवं. शब-ए-मालवा म्हणून जी थंड रात्र नावाजलेली आहे ती मे महिन्यातही मध्यरात्रीनंतर येते, पण तिला बाहेर जायला वाट असली तरच आत येते.

कठड्याचा प्रश्न कड्याकडच्या घरांना. तीन-साडेतीन फुटांचा कठडा बसलेल्या माणसाच्या नजरेला बरोबर आडवा येतो; दरी दिसते ती दोन पाइपांच्या मधून. उपाय असा: कडेचा भाग दोन पायऱ्या खाली घ्या आणि कठडा तिथे लावा, म्हणजे वर बसलेल्याला तो आड येत नाही. पुढे खोल उतार नसेल तर कठड्याऐवजी दीड फुटाचा रुंद ओटला करा. पुण्यात जन्मलेले आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी, त्यांनी इंदुरातल्या अरण्य वस्तीत घरोघरी असे ओटले ठेवले. लोक अजून त्यांच्यावर बसून भाजी निवडतात. लहान मुलं असतील तर देखाव्यापेक्षा कठडा मोठा, हे सांगायला नकोच.

पाच दिवस बंद राहणारं घर

सुटीचं घर आठवड्यातले पाच दिवस उंदीर, पाली, गांधीलमाश्या आणि धुळीचं असतं. उघडायला दहा मिनिटांपेक्षा जास्त लागलं तर जाणं कमी होतं, म्हणून दारं-खिडक्या मोजक्या ठेवा. साध्या कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, छप्पर सुंदर दिसतं, पण लंगूर आले की एका दुपारी निम्मी फोडतात. स्लॅबवर कवेलू सिमेंटात बसवा. नुसत्या पत्र्याच्या चद्दरीखाली पावसात बोलणं ऐकू येत नाही. मोठ्या काचेवर पक्षी आपटतात. आमच्याकडे दोन बुलबुल गेले, तेव्हापासून बाहेरून जाळी. विजेचा खांब आणि केबल घराच्या मागून आणा, खांब रोवायच्या दिवशी स्वतः हजर राहा. एकदा डोंगरासमोर रोवला की मग अर्जच अर्ज.

समोर हिरवळ नको, पाणी पिते आणि मे मध्ये पिवळी पडते. असलेला निंब, पळस, मोह तोडू नका, फक्त देखाव्याच्या रेषेतल्या फांद्या छाटा. नवीन झाडं दोन्ही कडांना लावा. सुबाभूळ हौसेने समोर लावलात तर चार वर्षांत डोंगर तिच्या मागे जाईल.

खिडकी सगळ्यात शेवटी

वेळापत्रक असं धरा: खड्डे मे मध्ये बघा, पायाचं काम दिवाळीनंतर, छप्पर पुढच्या जूनच्या मध्यापर्यंत. देखाव्याच्या खिडकीची चौकट मात्र त्या पावसाळ्यात बसवू नका. भोक तसंच राहू द्या, आतून ताडपत्री लावा, आणि मोठ्या पावसाच्या दिवशी तिकडे जाऊन ताडपत्री बाजूला करून बघा पाणी ओसरीत कुठवर येतं. जिथवर फर्शी भिजली तिथे कोळशाने रेघ मारा. दोन-तीन पाऊस झाले की सगळ्यात आतली रेघ ठेवायची, बाकीच्या पुसायच्या. आमच्या ओसरीत ती बाहेरच्या कडेपासून चार फूट दोन इंचांवर आहे. आत्याची खुर्ची तिच्या एक हात अलीकडे असते.